उच्च विवर्धनाचा व्हॉल्व्ह-ॲम्प्लिफायर : नाद आणि दोषनिदान

भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी बंगळूरजवळ जलहळ्ळी येथे १९५४ मध्ये स्थापन झाली आणि १९६१ पासून तेथे रेडिओस लागणारे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६२ मध्ये, त्याच कारखान्यात जर्मेनियमचे अर्धसंवाहक घटक बनू लागले. व्हॉल्व्हला निवृत्त करणारा वारस असा त्याच घरात जन्मास आला. यथावकाश घरोघरचे व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर गेले आणि व्हॉल्व्ह बदलून देणारे कारागीरही दुसऱ्या उद्योगास लागले.

एक वर्ग मात्र व्हॉल्व्ह सोडावयास तयार झाला नाही. तो म्हणजे विजेची गिटार वाजविणाऱ्यांचा. बंगळुरात हा वर्ग चांगला मोठा आहे. क्रिप्टॉस हा हेवी मेटल प्रकारचे संगीत सादर करणारा वाद्यवृंद ह्याच शहरात १९९८ मध्ये उभा राहिला. येथील पॅलेस ग्राउंड्सच्या मैदानावर २००७ मध्ये आयर्न मेडनचा आणि २०११ मध्ये मेटॅलिकाचा कार्यक्रम झाला. अशा संगीतात गिटारीचा जो दाट, करकरीत आणि लांबत जाणारा नाद ऐकू येतो, त्याचा मूळ नमुना व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरनेच घालून दिलेला आहे. तसा ॲम्प्लिफायर ज्याच्यापाशी आहे त्याला दोन प्रश्न नेहमी पडतात : ह्यातून चांगला नाद कसा काढावा, आणि तो घूं घूं करू लागला, शिट्ट्या मारू लागला किंवा गप्प झाला, तर काय करावे. हे प्रश्न वरवर निराळे दिसले तरी मुळाशी एकच आहेत. जे यंत्र तारेचे सूक्ष्म स्पंदन लाखो पटींनी वाढविते, ते स्वतःतील बारीकसारीक दोषही त्याच पटीने वाढविते.

व्हॉल्व्ह म्हणजे झडप. पाण्याच्या नळावरील झडप जसा प्रवाह कमीअधिक करते, तसे हे साधन इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहाचे करते; तेव्हा इंग्रजांनी दिलेले हे नाव ‘निर्वात नलिका’ ह्या आपल्या पारिभाषिक शब्दापेक्षा काम अधिक नेमके सांगते, असे म्हणावयास हरकत नाही. फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन अग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला आणि ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये त्यात तिसरे अग्र घातले. काचेच्या निर्वात नळीत मध्यभागी तापविलेले ऋणाग्र असते, त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. सभोवती धनाग्र असते, ते त्यांना ओढून घेते. आणि दोहोंच्या मध्ये तारेचे एक विरळ जालक असते. जालकावरील विद्युत् दाबात अत्यल्प बदल केला की धनाग्राकडे जाणाऱ्या प्रवाहात मोठा बदल होतो. एवढ्या एका युक्तीवर हे सारे शास्त्र उभे आहे.

गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये सर्वांत अधिक आढळणारा लहान व्हॉल्व्ह अमेरिकेत १२ एएक्स ७ आणि युरोपात ईसीसी ८३ ह्या नावाने ओळखला जातो. एकाच काचेत असे दोन तीन-अग्री व्हॉल्व्ह सामावलेले असतात. त्याचा विवर्धनांक १०० असला तरी प्रत्यक्ष मंडलात त्याच्या एका टप्प्यापासून साधारणतः ५० ते ६० पट वाढ मिळते. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये असे एक-दोन टप्पे पुरेसे होत. उच्च विवर्धनाच्या ॲम्प्लिफायरमध्ये ते चार किंवा पाच असतात. मधल्या जोडण्यांत निम्मा संदेश मुद्दाम वाया घालविला आणि प्रत्येक टप्प्यास २५ पट एवढीच निव्वळ वाढ धरली, तरी चार टप्प्यांअखेर ती ३,९०,६२५ पट होते. पहिल्या व्हॉल्व्हच्या जालकापाशी व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाइतका विजेचा स्पर्श कोठून तरी झाला, तर अखेरीस त्याचे जवळजवळ चार दशांश व्होल्ट होतील. पुढील सर्व विवेचनात हा हिशेब वाचकाने डोळ्यांसमोर ठेवावा.

गिटारच्या संदेशाची एवढी वाढ मात्र प्रत्यक्षात होऊच शकत नाही. प्रत्येक व्हॉल्व्हची देण्याची एक मर्यादा असते. ती ओलांडली की तरंगाचे माथे आणि तळ कापले जातात आणि गोलाई असलेला तरंग चौकोनी होऊ लागतो. ह्यालाच विरूपण म्हणतात. रेडिओचे अभियंते ज्या विरूपणाशी आयुष्यभर झगडले तेच येथे इष्ट मानले जाते, हा ह्या विषयातील मोठा गमतीचा भाग आहे. लंडनमध्ये जिम मार्शल ह्यांच्या दुकानात १९६२ मध्ये अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या बेसमन ह्या नमुन्यावरून जो ॲम्प्लिफायर तयार झाला, तो जोरात वाजविला असता मोठ्या सुरेख रीतीने विरूप होई. पुढे कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ ह्यांनी १९७० नंतरच्या वर्षांत लहान ॲम्प्लिफायरमध्ये विवर्धनाचा जादा टप्पा घालून आवाज फारसा न वाढविताही विरूपण मिळविले. मार्शलचा जेसीएम ८०० (१९८१), सोल्डॅनोचा एसएलओ १०० (१९८७) आणि पीव्हीचा ५१५० (१९९२) ही त्याच वाटेवरील पुढची ठिकाणे होत.

कापलेल्या तरंगात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वर निर्माण होतात. आपल्याकडील वाचकास हे समजण्यास तंबोऱ्याइतके चांगले उदाहरण नाही. तंबोऱ्याच्या घोडीला किंचित बाक देऊन आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली म्हणजे तार नुसती वाजत नाही, ती बोलू लागते. साध्या षड्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. मिरजेच्या कारागिरांची कीर्ती ज्या अनेक गोष्टींवर उभी आहे त्यांत ही जवारी मुख्य होय. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा ह्यांच्या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ह्या वाद्यांतील उपस्वरांची समृद्धी घोडीच्या विशिष्ट आकारातून येते हे दाखविले. तेच रामन १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. घोडी आणि व्हॉल्व्ह ह्यांची रीत वेगळी, पण उद्योग एकच : गरीब स्वराला उपस्वरांनी श्रीमंत करणे. धागा केसभर पुढे सरकला की जवारी फुटते, हे ज्याने अनुभवले आहे त्यास ॲम्प्लिफायरवरील गेनचे बटण वेगळे शिकवावे लागत नाही.

तथापि एक भेद महत्त्वाचा आहे. तंबोऱ्याची प्रत्येक तार आपापले उपस्वर देते. व्हॉल्व्ह मात्र एकत्र आलेल्या सर्व स्वरांचा मिळून एकच तरंग कापतो. त्यामुळे दोन स्वर एकदम वाजविले की त्यांच्या कंप्रतांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे असे नवेच स्वर उत्पन्न होतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता सुमारे ८२ हर्ट्झ असते. तिच्याबरोबर तिचा पंचम, म्हणजे सुमारे १२३ हर्ट्झ, वाजविला तर वजाबाकी ४१ येते. हा त्याच षड्जाचा एक सप्तक खालचा खर्ज होय. म्हणजे षड्ज-पंचम वाजवावा आणि खर्ज फुकट मिळावा! हेवी मेटलचे वादक तीनस्वरी मेळ टाळून नुसता षड्ज-पंचम का वाजवितात ह्याचे उत्तर येथे आहे. त्यात गिटारच्या पडद्यांवरील गंधार घातला, तर तो शुद्ध स्वाभाविक गंधारापेक्षा थोडा चढा असल्यामुळे बेरजा-वजाबाक्या एकमेकींस मिळत नाहीत आणि गलका होतो. ‘ॲम्प्लिफायर बिघडला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी काही तरी ह्या निव्वळ गंधाराच्या असतात, आणि काही तारा बेसूर असल्याच्या. विरूपण बेसूरपणाला झाकत नाही. उलट त्याची दवंडी पिटते.

आता प्रत्यक्ष नादाकडे वळू. सर्व बटणे मध्यावर ठेवून प्रारंभ करावा आणि गेन मात्र बराच कमी ठेवावा. मास्टर व्हॉल्यूम सरावाच्या वेळी जेवढा असेल तेवढा आधीच वाढवून घ्यावा, कारण हळू आवाजात ठरविलेला नाद मोठ्या आवाजात तसा राहत नाही. ह्याचे कारण यंत्रात नसून कानात आहे. हळू आवाजात कानाला मंद्र आणि अतितार स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी १९३३ मध्येच मोजून दाखविले आहे. घरी रात्री हलक्या आवाजात बेस आणि ट्रेबल भरपूर वाढवून मिळविलेला ‘सुंदर’ नाद दुसऱ्या दिवशी वाद्यवृंदात गढूळ आणि टोचरा का होतो, ते ह्यावरून कळेल. नंतर उजव्या हाताचा तळवा घोडीजवळ तारांवर टेकवून तुटक, जलद आघात करीत गेन हळूहळू वाढवावा. एक क्षण असा येतो की आघात एकमेकांपासून सुटे ऐकू येत नाहीत. तेथून थोडे मागे यावे. ती जागा वादकाच्या अपेक्षेपेक्षा बहुधा बरीच अलीकडे असते.

बेस, मिडल आणि ट्रेबल ही तीन बटणे स्वतंत्र आहेत असे समजणे चुकीचे आहे. बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये ती एकाच लहानशा जाळ्यात गुंफलेली असतात. ट्रेबल वाढविला की मिडलचा अर्थ बदलतो. शिवाय हे जाळे काहीही वाढवीत नाही. ते फक्त कमी-जास्त प्रमाणात घटविते. मिडल शून्यावर आणून बाकीची दोन टोकाला नेण्याची एक रूढी तरुण वादकांत आहे. खोलीत एकट्याने वाजविताना ती भव्य वाटते. पण मंद्र भाग बेस गिटार आणि ढोल ह्यांनी व्यापलेला, तार भाग झांजांनी, आणि गिटारचे खरे घर असलेला मध्य भाग वादकाने आपण होऊन रिकामा केलेला, अशा स्थितीत ती कोणासच ऐकू येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या एका रूढीने जितके चांगले वादन वाया गेले आहे तितके वाईट व्हॉल्व्हमुळे गेले नसेल.

मंद्र स्वर कोठे कमी केला हेही पाहावे लागते. विरूपणाच्या आधी तो जास्त असेल, तर जाड तारांचे मोठे तरंग पहिल्याच टप्प्यांना गुदमरवितात आणि नाद शिजून लगदा झाल्यासारखा होतो. नंतर बेस कितीही कमी केला तरी हा लगदा सुटा होत नाही. म्हणून चांगल्या रचनेत आरंभीच्या टप्प्यांतच मंद्र स्वर छाटलेला असतो आणि शेवटी तो पुन्हा भरून काढला जातो. ज्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये ही सोय अपुरी आहे ते ट्यूब स्क्रीमरसारखे पायाने चालविण्याचे उपकरण आधी जोडतात, त्याचे विरूपण शून्यावर आणि पातळी कमाल ठेवतात. ते उपकरण साधारण ७२० हर्ट्झच्या खालील भाग उतरविते, आणि लगदा सुटा होतो. प्रेझेन्स आणि डेप्थ ही बटणे, जेथे असतील तेथे, बहुधा अखेरच्या शक्ति-टप्प्यावर काम करतात. ती तीन बटणांचे काम झाल्यावर शेवटी हाताळावी.

ध्वनिक्षेपकाबद्दल थोडेच सांगावयाचे आहे. बारा इंची गिटार-ध्वनिक्षेपक साधारण ५,००० हर्ट्झच्या वर फारसे काही देत नाही, आणि विरूपणातील कर्कश भाग ह्यामुळेच गाळला जातो. वरच्या पट्टीतला आवाज मात्र तो टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे फेकतो. पेटी गुडघ्यांशी असेल तर हा झोत वादकाच्या पोटऱ्यांवर पडतो. त्याला नाद मंद वाटतो, तो ट्रेबल वाढवितो आणि पुढे बसलेले श्रोते कानावर हात ठेवतात. पेटी थोडी मागे कलवून झोत स्वतःच्या कानाकडे वळवावा. शक्तीबद्दलही एक गैरसमज आहे. ५० वॅटच्या जागी १०० वॅट घेतले तर आवाज दुप्पट होत नाही. वाढ केवळ ३ डेसिबेलची, म्हणजे जाणवेल एवढीच असते.

बिघाडाकडे जाण्यापूर्वी धोक्याचा विचार केला पाहिजे. ह्या यंत्रात व्हॉल्व्हच्या धनाग्रांवर ४०० ते ५०० व्होल्टचा विद्युत् दाब असतो. भिंतीतील प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये तो काही काळ साठून राहतो, आणि तेवढा मनुष्याचा प्राण घेण्यास पुरेसा होतो. म्हणून आतील पत्र्याची चौकट उघडण्याचे काम ज्यास कंडेन्सर योग्य रोधकातून रिकामे करणे, नंतर मापकाने शून्य झाल्याची खात्री करणे आणि एक हात मागे ठेवून काम करणे हे शिकविलेले आहे, त्यानेच करावे. पुढे ज्या परीक्षा सांगितल्या आहेत त्यांतील बहुतेक चौकट न उघडता करता येतात.

दुसरा धोका भू-जोडणीचा. घूं घूं आवाज कमी व्हावा म्हणून तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन काढून टाकण्याचा किंवा तिची तार तोडण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. गिटारच्या तारा चौकटीशी जोडलेल्या असतात. चौकट विजेच्या संपर्कात आली की तारा धरलेला वादक आणि भूमीशी जोडलेला ध्वनिग्राहक ह्यांच्यामधून मंडल पूर्ण होते. स्टोन द क्रोज ह्या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्झी येथे रंगमंचावर ध्वनिग्राहकाला हात लागताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. जुन्या इमारतींतील सभागृहांत तिसऱ्या छिद्रास भू-तार प्रत्यक्षात जोडलेली असेलच असे नाही. कार्यक्रमापूर्वी ती तपासून घेण्यास दहा मिनिटे लागतात.

घूं घूं आवाज, ज्याला दुरुस्तीच्या दुकानांत हम म्हणतात, हा सर्वांत सामान्य दोष. आणि त्याचे निदान पुष्कळ अंशी कानाने करता येते. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तने करते. पुरवठा सरळ करणाऱ्या भागातील कंडेन्सर थकले असतील तर हम १०० हर्ट्झचा येतो, कारण सरळीकरणात आवर्तने दुप्पट होतात. गिटारच्या जाड तारेचा तिसरा पडदा ९८ हर्ट्झ देतो. हम ह्या स्वराशी जवळजवळ जुळला तर संशय कंडेन्सरवर, किंवा शक्ति-व्हॉल्व्हच्या जोडीतील एक निकामी झाल्यावर. कारण जोडीतील दोघे एकमेकांचा हम खोडून काढीत असतात. हम त्याहून एक सप्तक खाली असेल तर तो ५० हर्ट्झचा; मग तापक तंतूची वीज, भू-जोडणीतील वेटोळे, किंवा खुद्द गिटार ह्यांकडे पाहावे. परदेशी पुस्तकांत ह्या ठिकाणी ६० आणि १२० हे आकडे असतात, ते अमेरिकेतील विजेचे होत. आपल्याकडील वाचकाने तेथे दिलेला स्वर लावून पाहिला तर त्याचे निदान चुकेल.

नंतर जागा शोधावयाची. गिटारची तार ॲम्प्लिफायरमधून काढून घेतल्याबरोबर हम थांबला तर दोष बाहेर आहे. गिटार हातात धरून स्वतःभोवती फिरावे; एका दिशेस हम कमी होत असेल तर तो पिकअप आसपासच्या ट्रान्सफॉर्मरमधून गोळा करीत आहे. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपला हा जन्मजात दोष असतो. तो टाळण्यासाठीच सेथ लव्हर ह्यांनी १९५५ मध्ये दुहेरी वेटोळ्याचा पिकअप योजला. तार काढूनही हम राहिला तर मास्टर व्हॉल्यूम शून्यावर न्यावा. त्यानेही हम कमी झाला नाही, तर दोष त्या बटणाच्या पुढे, शक्ति-टप्प्यात किंवा पुरवठ्यात; कमी झाला, तर मागे. मग यंत्र बंद करून, व्हॉल्व्ह थंड झाल्यावर, गिटारच्या बाजूचा पहिला लहान व्हॉल्व्ह काढून पुन्हा चालू करावे. आवाज गेला तर दोष त्या व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या जोडण्यांत. न गेला तर पुढचा. काही ॲम्प्लिफायरमध्ये लहान व्हॉल्व्हचे तापक तंतू एकामागे एक जोडलेले असतात, तेथे एक काढला की बाकीचेही विझतात. अशा ठिकाणी काढण्याऐवजी चांगल्या व्हॉल्व्हची अदलाबदल करून पाहावी.

हीच रीत खरखर, फुसफुस आणि शिट्टी ह्यांनाही लागू पडते. चालू यंत्रातील लहान व्हॉल्व्हवर लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी. पहिल्या व्हॉल्व्हची थोडी टकटक ऐकू येणे स्वाभाविक आहे. परंतु तो घंटेसारखा घुमत राहिला तर त्याचे आतील भाग सैल झाले आहेत. असा व्हॉल्व्ह फेकण्याचे कारण नाही. पहिल्या जागी तो निकामी असला तरी शेवटच्या जागी, जेथे पुढे फारशी वाढ उरलेली नाही, वर्षानुवर्षे काम देऊ शकतो. सर्वांत शांत व्हॉल्व्ह पहिल्या जागी, हा नियम मात्र मोडू नये. थोडीशी फुसफुस उच्च विवर्धनात राहणारच. ती इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीची आहे, आणि तिच्यापायी व्हॉल्व्हवर व्हॉल्व्ह बदलीत बसणे हा अपव्यय होय.

आवाज एकाएकी अर्धा झाला किंवा ये-जा करू लागला, तर महागड्या भागांवर संशय घेण्यापूर्वी मागील बाजूस सेंड आणि रिटर्न अशी दोन छिद्रे असल्यास ती एका आखूड तारेने जोडून पाहावी. आवाज परत आला तर रिटर्नच्या छिद्रातील संपर्कपट्ट्या मळल्या आहेत, एवढाच रोग. पावसाळ्यानंतर हा प्रकार विशेष आढळतो. संपर्क स्वच्छ करण्याचा फवारा बंगळुरात सदर पत्रप्पा रस्त्यावर, ज्याला सर्वजण एस. पी. रोड म्हणतात, सुट्या भागांच्या दुकानांत मिळतो.

शक्ति-व्हॉल्व्हचे दोष अधिक गंभीर असतात. अंधाऱ्या खोलीत पाहिले असता तापक तंतूची नारिंगी झळाळी आणि काचेच्या आतील बाजूस निळसर छटा दिसते, त्यात भिण्यासारखे काही नाही. परंतु बाहेरील करडा धातूचा पत्रा, म्हणजेच धनाग्र, लालभडक होऊ लागला तर त्याच क्षणी यंत्र बंद करावे. जालकावरील ऋण दाब, ज्याला बायस म्हणतात, तो हरवल्यामुळे व्हॉल्व्हमधून बेसुमार प्रवाह जात असतो आणि काही मिनिटांत तो स्वतःबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जाऊ शकतो. नवे व्हॉल्व्ह बसविल्यावर बायस जुळवून घ्यावा लागतो. ईएल ३४ ह्या व्हॉल्व्हची उष्णता सोसण्याची मर्यादा २५ वॅट आहे. स्वस्थ स्थितीत तिच्या सत्तर टक्क्यांपर्यंत, म्हणजे साडेसतरा वॅट, जाण्याचा प्रघात आहे. दाब ४५० व्होल्ट असेल तर प्रत्येक व्हॉल्व्हमधील प्रवाह सुमारे ३९ मिलिअँपिअर येतो. ह्याहून कमी ठेवला तर नाद थोडा कोरडा होतो, पण व्हॉल्व्ह अधिक टिकतो. उच्च विवर्धनाच्या ॲम्प्लिफायरमध्ये विरूपण मुख्यतः आधीच्या टप्प्यांत होत असल्यामुळे साठ टक्क्यांवर थांबण्यात शहाणपण आहे. हल्ली हे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथून येतात, आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे रशियन माल अडला तेव्हा त्यांची टंचाई सर्वत्र जाणवली. जपून वापरण्यास एवढे कारण पुरे आहे.

फ्यूज जळाला तर तेवढ्याच क्षमतेचा एकदा बदलावा. पुन्हा जळाला तर शक्ति-व्हॉल्व्ह काढून पाहावे; त्यांच्याविना फ्यूज टिकला तर त्यांच्यापैकी एक आतून जोडला गेला आहे. जाड फ्यूज किंवा तार घालणे म्हणजे पाच रुपयांच्या वस्तूऐवजी ट्रान्सफॉर्मर जाळण्याची व्यवस्था करणे होय. तसेच ध्वनिक्षेपक जोडल्याविना असा ॲम्प्लिफायर क्षणभरही वाजवू नये, आणि ध्वनिक्षेपकाचा ओहमचा आकडा मागील छिद्रावरील आकड्याशी जुळला पाहिजे.

राहता राहिला विजेचा दाब. आपल्याकडील प्रमाण दाब २३० व्होल्ट असला तरी तो वरखाली होतो. २२० व्होल्टवर जुळविलेल्या यंत्रास २४० मिळाले तर आतील प्रत्येक दाब नऊ टक्क्यांनी वाढतो : तापक तंतूचे ६.३ चे जवळजवळ ६.९ होतात आणि ४५० चे ४९०. मागील बाजूस दाब निवडण्याची सोय असेल तर ती तंत्रज्ञाकडून जुळवून घ्यावी. नसेल तर चांगला स्टॅबिलायझर वापरावा. अमेरिकेतून आणलेले १२० व्होल्टचे यंत्र दाब उतरविणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चालते खरे, पण ते ६० आवर्तनांसाठी बनविलेले असल्यास ५० आवर्तनांवर त्याचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो. तासाभरानंतर त्यावर हात ठेववत नसेल तर तो बदलून घेणे श्रेयस्कर. खुल्या मैदानावरील कार्यक्रमात जनित्राची वीज असते. तेथे प्रकाशयोजना चालू-बंद होताना दाब किती हलतो ते मापकावर पाहिल्याशिवाय यंत्र जोडू नये.

ॲम्प्लिफायरच्या मागील फळीवर आतल्या बाजूने एक कागद चिकटवून ठेवावा. त्यावर व्हॉल्व्ह बसविल्याची तारीख, प्रत्येक जागी कोणता व्हॉल्व्ह आहे, धनाग्राचा दाब, प्रत्येक शक्ति-व्हॉल्व्हचा प्रवाह आणि फ्यूजची क्षमता एवढे लिहावे. दुरुस्तीस जाणाऱ्या तंत्रज्ञाचा निम्मा वेळ ह्याच गोष्टी शोधण्यात जातो.